दवाखान्यात म्हातारं माणूस अचानक बरळायला लागतं तेव्हा

आमच्या भागात जुन्या बायका ‘वात झाला’ म्हणतात. ताप चढून माणूस भलतंच बोलायला लागलं, चादरीवरून नसलेल्या मुंग्या वेचायला लागलं, की घरातली वडीलधारी बाई त्याच्या कपाळावर हात ठेवायची आणि म्हणायची, “वात झालाय याला. कुणीतरी जवळ बसा.” त्या बोलण्यात निदान होतं आणि उपचारही होता. हे मला एमडी होऊन, बरीच वर्षं वॉर्डात काढल्यावर कळलं.

वैद्यकीय भाषेत याला डेलिरियम म्हणतात. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘मुग्धभ्रांती’ असा देखणा शब्द आहे, पण वॉर्डात तो मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. लॅटिनमध्ये ‘लिरा’ म्हणजे नांगराचं तास. तास सोडून भरकटणं म्हणजे डेलिरियम. शेतकऱ्याच्या घरी हे फार समजावून सांगावं लागत नाही. बैल तेच, नांगर तोच, रानही तेच, फक्त तास सुटलंय. माणसाला वेड लागलेलं नाही.

एका आजोबांचं सांगते. वय ७८, निम्मं आयुष्य शेतात गेलेलं. न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमारास त्यांच्या मुलाचा फोन आला. “मॅडम, भूल बाबांच्या डोक्यात गेली. सलाईन ओढून काढलं. ताईला म्हणतात, तुम्ही कोण? माझे बैल कुणी सोडले?”

मी गेले तेव्हा आजोबांचा उजवा हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेला होता. पुन्हा सलाईन ओढू नये म्हणून. डोळे छताकडे लागलेले आणि मोकळा हात हवेत काहीतरी चाचपडत होता. चष्मा कुठे आहे, असं मी विचारलं. तो आणि बोटातली अंगठी धाकट्या सुनेने हरवायला नको म्हणून घरी नेली होती. कानाचं मशीन ताईच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं. लघवीची नळी होती. चार दिवस शौचाला झालं नव्हतं. पडल्यापासून सलग अशी झोप नव्हतीच, म्हणून आदल्या रात्री झोपेचं इंजेक्शन दिलं होतं. रक्त तपासलं तर सोडियम १२४. नेहमी ते १३५च्या वर असतं.

यातली बहुतेक कारणं सुटी घेतली तर त्यांनी कुणाची शुद्ध हरपणार नाही. चष्मा नाही म्हणून कुणी बैल शोधायला निघत नाही. पण ही सगळी एकाच माणसावर, एकाच रात्री, अनोळखी खोलीत येऊन पडली होती.

दिव्यातलं तेल

मेंदू हा मोठा खादाड अवयव आहे. वजनाने तो शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आपण स्वस्थ बसलेलो असताना शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतला जवळजवळ २० टक्के वाटा तो एकटा खातो. प्राणवायू, साखर, क्षार, पाणी, झोप यांपैकी कशातही ओढाताण झाली की पहिली झळ त्याला लागते. तरुणपणी त्याच्याकडे शिल्लक भरपूर असते. पंचविशीतला मुलगा न्यूमोनियाने दवाखान्यात पडला तरी त्याला आपण कुठे आहोत हे माहीत असतं. सत्तरीनंतर ती शिल्लक कमी होते, आणि आधीच विसरभोळेपणा, पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश असेल तर आणखी कमी. दिव्यात तेल काठोकाठ असलं तर वादळच हवं, तळाशी असलं तर दार उघडल्याची झुळूकही पुरते.

म्हणून तुमच्या घरातलं माणूस दोन बाजूंनी बघा. त्याच्या दिव्यात तेल किती, आणि दवाखान्यात गेल्यावर किती झुळका येणार. तेल आपण एका रात्रीत भरू शकत नाही. झुळका मात्र अडवता येतात, आणि एकेक करून अडवायच्या असतात.

डेलिरियम ओळखायचा कसा? तो अचानक येतो, काही तासांत किंवा फार तर एक-दोन दिवसांत. स्मृतिभ्रंश महिने-वर्षं घेत हळूहळू उतरतो. त्यामुळे “परवापर्यंत हिशोब सांगत होते हो” हे वाक्य डॉक्टरला फार मोलाचं असतं. दुसरं म्हणजे तो चढतो-उतरतो. सकाळी दहाच्या राऊंडला आजोबा हात जोडून नमस्कार करतात, “बरं आहे” म्हणतात. रात्रभर जागलेला मुलगा शेजारी उभा राहून सांगत असतो आणि त्याचं कुणाला खरं वाटत नाही. अशा वेळी वेळ घालून कागदावर लिहून ठेवा, “रात्री ११.४०, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले.” मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवला तरी चालेल. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. त्या अवस्थेतलं आपलं रूप चारचौघांनी बघावं असं कुणालाच वाटत नाही.

आणि तिसरी, सगळ्यात पक्की खूण म्हणजे लक्ष टिकत नाही. दोन मिनिटांत होणाऱ्या तपासण्यांमध्ये वर्षाचे महिने डिसेंबरपासून उलटे म्हणायला सांगतात. आमच्याकडच्या पुष्कळ आज्यांना जानेवारी-फेब्रुवारीची सवय नसते, त्यांना मी वार उलटे विचारते. रविवार, शनिवार, शुक्रवार. ज्या बाईने आयुष्यभर सोमवार आणि गुरुवार धरले, तिला वार उलटे म्हणता येतात. ती शुक्रवारपर्यंत येते, थांबते, खिडकीकडे बघते, आणि आपण काय म्हणत होतो हेच विसरते, तेव्हा मला शंका घ्यावी लागते.

शांत पडलेली आजी

आरडाओरडा करणाऱ्या, नळ्या उपटणाऱ्या रुग्णाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पण डेलिरियमचा एक मुका प्रकार आहे आणि म्हाताऱ्या माणसांत तोच जास्त दिसतो. आजी दिवसभर गुंगीत असतात. हाक मारली की डोळे उघडतात, “हं” म्हणतात, पुन्हा मिटतात. घास तोंडात तसाच राहतो. घरचे म्हणतात, “आज शांत झोपल्यात, काही त्रास दिला नाही.” वॉर्डात अशा रुग्णाला गुणी म्हणतात.

मला या गुणी आज्यांची जास्त काळजी वाटते. ओरडणाऱ्या आजोबांचं सोडियम रात्री दीड वाजता तपासलं जातं. गप्प आजींचं कदाचित दोन दिवसांनी. तोवर पाणी पोटात जात नाही, कूस बदलली जात नाही, पाठीला जखम होऊ लागते, घास श्वासनलिकेत जातो. एरवी बोलकं असलेलं माणूस दवाखान्यात अचानक मितभाषी झालं तर ती तक्रार आहे असं समजा आणि सिस्टरना स्पष्ट सांगा, “या अशा नसतात.”

गावाकडून आलेल्या घरांत काही वेळा दुसरीच शंका असते, बाहेरची बाधा, कुणाची छाया. मी त्यावर वाद घालत नाही. तुमचा धागा, अंगारा बांधा, पण रक्त, लघवी, साखर, सोडियम आणि ऑक्सिजन या तपासण्या आत्ता, याच रात्री होऊ द्या. डेलिरियम हा बऱ्याचदा छुप्या संसर्गाचा, तुंबलेल्या लघवीचा किंवा कमी पडलेल्या प्राणवायूचा पहिला निरोप असतो. म्हाताऱ्या माणसाला न्यूमोनियात ताप-खोकला नसतानाही आधी भ्रम होऊ शकतो.

८५२ रुग्ण, आणि औषध एकही नाही

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये यांनी १९९० मध्ये डेलिरियम ओळखण्याची एक सोपी पद्धत मांडली. ती आजही जगभर वापरली जाते. पण त्यांचं त्याहून मोठं काम १९९९ चं आहे. येल न्यू हेवन रुग्णालयात दाखल झालेले, वय ७० किंवा त्याहून जास्त असलेले ८५२ रुग्ण त्यांनी घेतले. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. उरलेल्या निम्म्यांसाठी सहा गोष्टींवर डोळा ठेवला: गोंधळ, झोपमोड, एका जागी पडून राहणं, कमी दिसणं, कमी ऐकू येणं आणि अंगातलं पाणी कमी होणं. प्रशिक्षित स्वयंसेवक रोज येत, आज कोणता वार, काल काय तपासणी झाली हे बोलत, चालवत, चष्मा लावून देत, पाणी पाजत, रात्री कोमट पेय देऊन पाठ चोळत.

नेहमीच्या सेवेत १०० पैकी १५ जणांना डेलिरियम झाला. दुसऱ्या गटात १०० पैकी १०. म्हणजे ज्यांना एरवी झाला असता, अशा प्रत्येक तीन जणांतला एक वाचला, आणि तोही औषधाविना.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना डेलिरियम झालाच, त्यांच्यात दोन्ही गटांत तीव्रतेचा फारसा फरक नव्हता. म्हणजे या सगळ्या खटाटोपाची खरी वेळ डेलिरियम होण्याआधीची आहे. खाट मिळाली, सलाईन लागलं, की त्याच संध्याकाळी सुरुवात करायची.

यातले स्वयंसेवक आपण कुठून आणायचे, असं वाटेल. चीनमध्ये चेंगडू शहरातल्या वेस्ट चायना रुग्णालयात हाच प्रश्न होता. तिथेही आपल्यासारखंच, घरचं माणूस खाटेशी बसलेलं असतं. त्यांनी नर्सच्या देखरेखीखाली हे काम घरच्यांच्या हाती दिलं. २०२० मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. ऑपरेशनसाठी आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या २८१ जणांपैकी नेहमीच्या सेवेतल्या १२९ जणांत २५ जणांना डेलिरियम झाला. घरच्यांना सामील करून घेतलेल्या १५२ जणांत फक्त ४ जणांना.

आपल्याकडे हा माणूस आधीपासून हजर आहे. पास गळ्यात अडकवून, खाटेखाली चटई टाकून, तो तीन-तीन दिवस बसलेला असतो. त्याला आपण औषधं आणायला पळवतो, बिलाच्या रांगेत उभं करतो. तो उशाशी बसून जे करू शकतो, ते मात्र त्याला कुणी सांगत नाही. हा लेख त्याच्यासाठी आहे.

उशाशी बसणाऱ्याने काय करायचं

चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी घरी नेऊ नका. हे मी दाखल करतानाच सांगते, तरी दर आठवड्याला कुणाचं तरी काहीतरी घरी गेलेलं असतं. सोनंनाणं जरूर न्या. पण चष्मा नसलेल्या माणसाला सलाईनचा स्टँड रात्री उभ्या माणसासारखा दिसतो. कानाला मशीन नसलं की सिस्टर “इंजेक्शन देते हं आजोबा” म्हणालेल्या ऐकू येत नाहीत, फक्त अंधारात कुणीतरी येऊन टोचल्याचं कळतं. घाबरून हात झटकणारच. झाकणाचा एक डबा घ्या, त्यावर नाव आणि खाटेचा नंबर चिकटवा आणि या तीन गोष्टी त्यातच ठेवा. ऑपरेशनला नेताना काढल्या असतील तर माणूस परत शुद्धीवर येतानाच पुन्हा लावून द्या, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. मशीनच्या बॅटऱ्या जास्तीच्या आणा.

मग पाणी. म्हाताऱ्या बायका दवाखान्यात पाणी का पीत नाहीत हे कुणी विचारत नाही. भांडं मागायची लाज वाटते. सुनेला किंवा परक्या मावशींना उठवावं लागेल म्हणून त्या संध्याकाळपासून घोटही घेत नाहीत. जीभ कोरडी पडते आणि दुसऱ्या दिवशी बोलण्यात घोळ सुरू होतो. “पाणी हवं का?” असं विचारलं की उत्तर “नको” येतं. त्यापेक्षा दर तासाला पेला हातातच द्या. ताक, भाताची पेज, डाळीचं पाणी, जे आवडतं ते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा सोडियम कमी झालं असेल, तर दिवसाला किती द्यायचं ते डॉक्टरांकडून विचारून घ्या. सोडियम कमी झालेल्या काही रुग्णांना जास्त पाण्याने उलट अपाय होतो.

ऑपरेशनच्या उपाशीपणाबद्दलही बोलायला हवं. ‘रात्री बारापासून काही नाही’ असं सांगितलं जातं, ऑपरेशन सकाळी नऊचं दुपारी तीनला जातं, आणि ८० वर्षांची आजी १५ तास कोरडी राहते. घन अन्न आधी बंद करावं लागतं. पण साधं पाणी बहुतेक रुग्णांना भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, असं भूलतज्ज्ञांचीच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. काहींच्या बाबतीत ते चालत नाही, म्हणून मनाने देऊ नका. पण वेळ पुढे गेली की भूलतज्ज्ञांना विचारायला संकोचू नका.

झोपेचं दवाखान्यात हालहाल होतात. रात्री अकराला दिवे, दोनला ब्लडप्रेशर, चारला रक्त, साडेपाचला झाडू. गंभीर रुग्णाला हे टाळता येत नाही. पण स्थिर असलेल्या रुग्णाची चारची तपासणी सहाला चालेल का, हा प्रश्न राऊंडच्या वेळी विचारता येतो, आणि पुष्कळदा उत्तर ‘चालेल’ असंच येतं. दिवसा पडदे उघडे, खिडकीजवळची खाट मिळाली तर उत्तम, दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची. रात्री पडदा ओढा, मोबाइलवरचे व्हिडिओ बंद ठेवा, कोमट दूध द्या, तळपायाला तेल चोळा. येलच्या अभ्यासात पाठ चोळण्याला जागा होती, आपल्या घरांत तळपायाला आहे, तेही चांगलं आहे. झोपेची गोळी मात्र आपणहून मागू नका. नवखी झोपेची गोळी हा म्हाताऱ्या मेंदूवरचा मोठाच घाव असतो. याला उलटी बाजूही आहे. जे माणूस घरी वर्षानुवर्षं रोज झोपेची गोळी घेतं, त्याची ती एकदम बंद झाली तरी डेलिरियम होऊ शकतो. म्हणून लपवू नका.

लपवण्याचा विषय निघालाच आहे तर औषधांची पिशवी. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, थेंब, काढे, चूर्णं, गुडघ्याच्या गोळ्या, शेजाऱ्याने दिलेल्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून पहिल्याच दिवशी आणा. मेंदूत लक्ष लागण्यासाठी अॅसिटिलकोलीन नावाचं रसायन लागतं. सर्दी-अॅलर्जीची गुंगी आणणारी जुनी औषधं, वारंवार होणाऱ्या लघवीवरच्या काही गोळ्या, काही जुनी नैराश्याची औषधं त्याचं काम अडवतात. ब्लडप्रेशरसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनी सोडियम खाली येतं. कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, पण आधी ती समोर तर यायला हवी.

दारूबद्दल घरचे हमखास कमी सांगतात. “कधीतरी घेतात, लग्नकार्यात.” रोज पिणारं माणूस दवाखान्यात आलं आणि दारू तुटली, की दोन ते चार दिवसांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, भास होतात, फिटही येऊ शकते. हा डेलिरियमचा वेगळा आणि जिवावर बेतणारा प्रकार आहे. त्यावर ठरलेला उपचार आहे, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि आधीच कळलं तर तो बराचसा टाळता येतो. लेकीसमोर सांगायला लाज वाटत असेल तर डॉक्टरांना बाहेर बोलावून सांगा. तंबाखू आणि मशेरीचंही सांगा, एकदम तुटल्यावर जीव कासावीस होतो.

हालचाल. “आराम करा” हा आपला सगळ्यात प्रेमळ आणि सगळ्यात घातक सल्ला आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की जेवण खाटेवर पडून नको, खुर्चीत बसून. दिवसातून तीनदा दरवाजापर्यंत तरी चालणं. खुब्याच्या ऑपरेशननंतरही बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी उठवून बसवतात. फिजिओथेरपिस्ट आले की “आज राहू द्या, दुखतंय” म्हणून त्यांना परत पाठवू नका. त्यापेक्षा दुखण्याचं औषध अर्धा तास आधी मागा. दबून राहिलेली वेदनाही डेलिरियम आणते, त्यामुळे सहन करणं ही इथे बहादुरी नाही. लघवीची नळी रोज विचारा, “आज काढता येईल का?” नळी म्हणजे संसर्गाची वाट आणि पायातली बेडी, दोन्ही. शौचाला किती दिवस झालं नाही हे लिहून ठेवा. आजोबांचे चार दिवस कुणी मोजलेच नव्हते.

राहिलं बोलणं. भिंतीवर घड्याळ आणि दिनदर्शिका दिसेल अशी हवी, आपली तिथी-वारांची असेल तर आणखी चांगलं. “आज एकादशी आहे आई, साबुदाणा भिजवलाय घरी” या वाक्यात तिथी, घर आणि आपण, सगळं येतं. “मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?” असली परीक्षा घेऊ नका. उत्तर चुकलं की माणूस आणखी घाबरतं. स्वतःच सांगा, “बाबा, मी तुमची धाकटी. आपण दवाखान्यात आहोत. पायाचं ऑपरेशन झालं, छान झालं.” हे दिवसात २० वेळा सांगावं लागलं तर २० वेळा सांगा. भेटायला संध्याकाळी १५ जण खाटेभोवती कोंडाळं करतात त्यापेक्षा ओळखीची दोन-तीन माणसं आळीपाळीने बसलेली चांगली. त्यातही रात्रीला तेच तेच माणूस असेल तर फार बरं.

अतिदक्षता विभागात हे सगळं अवघड होतं. दिवस-रात्र सारखाच उजेड, सतत वाजणारी यंत्रं, भेट दोनदा पाच-पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत रडू आवरा, चष्मा लावून द्या, वार सांगा, हात धरा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला गुंगीचं औषध कमी करून रोज जागं करून बघणं आणि शक्य तितक्या लवकर हालचाल सुरू करणं, हे आता चांगल्या अतिदक्षता विभागांमध्ये करतात. तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल विचारा.

झालाच तर

सगळं करूनही काहींना डेलिरियम होतो. तेव्हा पहिलं काम कारण शोधण्याचं. “काहीतरी देऊन झोपवा हो” ही नातेवाइकांची विनंती मला समजते, तीन रात्री जागलेल्या माणसाची ती असते. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांमधल्या ५६६ रुग्णांवरच्या अभ्यासात हॅलोपेरिडॉल आणि झिप्रासिडोन ही दोन औषधं नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी ताडून बघितली. डेलिरियमचे दिवस कोणत्याच औषधाने कमी झाले नाहीत. रुग्ण स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी वेळ आली तर थोड्या डोसात, थोड्या काळापुरतं औषध द्यावं लागतं. ते शांत करण्यासाठी असतं, त्याने डेलिरियम बरा होत नाही.

हात बांधल्याने भीती वाढते आणि धडपडही वाढते. सलाईनची सुई पट्टीने झाका, बाहीखाली लपवा, हातात रुमाल किंवा जपमाळ द्या. भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले तर “कुठे आहेत, उगाच काहीतरी” असं झिडकारू नका आणि “हो, चार जण आहेत” असंही म्हणू नका. “मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय ना, मी इथेच आहे” एवढं पुरतं.

कारण सापडलं की बहुतेक माणसं सावरतात, पण सगळी एका दिवसात नाही. काहींचा गोंधळ घरी गेल्यावरही आठवडे, कधी महिने रेंगाळतो. डेलिरियम होऊन गेलेल्या माणसाची स्मरणशक्ती पुढे उतरण्याचा धोकाही वाढतो, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा एकदा दाखवा. आणि कुठल्याही पुढच्या डॉक्टरला, अगदी मोतीबिंदूच्या ऑपरेशनलाही, सांगा की मागे असं झालं होतं.

आजोबांचं सोडियम हळूहळू वर आणलं. नळी काढली, पोट साफ झालं, चष्मा घरून आला. चौथ्या दिवशी त्यांनी ताईला नावाने हाक मारली. टाके काढायला आले तेव्हा बाकीचे बाहेर गेल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, “मला दाव्याला बांधलं होतं ना?”

मी म्हटलं, “हो आजोबा, बांधलं होतं. चूक झाली. तुम्हाला वेड लागलं नव्हतं. अंगातलं मीठ उतरलं होतं, झोप नव्हती, चष्मा नव्हता.”

ते बराच वेळ मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मग ते बैल?” बैल त्यांनी १२ वर्षांपूर्वीच विकले होते.

दीड वर्षाने ते प्रोस्टेटच्या ऑपरेशनला आले. ताईने येतानाच एक पिशवी आणली होती: नाव लिहिलेला डबा, बॅटऱ्या, गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिप, टेबलावरचं मोठ्या आकड्यांचं घड्याळ. रात्री ती स्वतः थांबली. दुसऱ्या रात्रीचं तिने मला सकाळी सांगितलं. दोनच्या सुमारास बाबांना जाग आली, त्यांनी डब्यातला चष्मा काढून लावला, घड्याळ बघितलं, “अजून दोनच?” म्हणाले, चष्मा परत डब्यात ठेवला आणि कूस बदलली.